उडते का हो तुमची बंदूक?

ठासणीच्या बंदुकीचा छंद असलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ही उडते का? आणि मग साधी बंदूक का नाही घेत? पहिल्याचं उत्तर 'बहुधा' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी पूर्वी सविस्तर देत असे. आता पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी सरकवतो.

माझी तक्रार बंदुकीबद्दल नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. बंदूक उत्तम आहे. अडीचशे वर्षांपूर्वी या जातीत जे जे दोष होते ते सगळे तिच्यात शाबूत आहेत आणि त्यासाठीच मी चांगले पैसे मोजले आहेत. तक्रार आहे ती हे दोष माझ्याकडून काढून घ्यायला टपलेल्या सज्जन, मदततत्पर मंडळींबद्दल.

मी राहतो पूर्व पेनसिल्व्हेनियात. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि आसपासच्या गावांतल्या जर्मन-स्विस कारागिरांनी इथे एक सडपातळ, लांबलचक रायफल घडवली. साडेतीन फुटांच्या आसपासची नळी, मेपलचा दस्ता, दस्त्यात पितळी झाकणाचा कप्पा, घोड्याच्या जबड्यात गारगोटी. चाप ओढला की गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडतात, ती पेटते, तिची ज्योत नळीच्या बगलेतल्या बारीक भोकातून आत शिरते आणि आतला बार उडतो. यातली कोणतीही पायरी घडेलच असं नाही. वाटीत भपका आणि आत सामसूम, असा एखादा फुसका बार दर शनिवारी ठरलेला.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचा नियम पाहा. अर्ध्या तासात १३ बार उडवायचे आणि त्यातले सर्वांत चांगले १० धरायचे. तीन वाया जाणार हे नियम करणाऱ्यांनी आधीच मान्य करून टाकलं आहे. इतका समजूतदार नियम मला दुसऱ्या कुठल्या खेळात आढळलेला नाही. आमच्या गावच्या रेंजवर मात्र हा समजूतदारपणा अजून पोचायचा आहे.

तिथे ठरावीक वेळाने गोळीबार थांबवतात आणि लोक आपापले निशाणाचे कागद बदलायला जातात. शेजारच्या रायफलवाल्यांना त्याचं काही नसतं. खट्कन बोल्ट उघडला, मॅगझीन काढलं, चालू लागले. माझं तेव्हा काय चाललेलं असतं? पितळी मापाने ७० ग्रेन दारू नळीत ओतून झालेली असते. नळीच्या तोंडावर ओशट चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, बुटक्या दांडक्याचा एक ठोसा, मग हिकरीच्या लाकडाचा गज. हा गज वरच्या टोकाला धरून रेटायचा नसतो. मोडला तर फाटलेलं टोक तळहातात घुसतं. म्हणून नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरायचा, ढकलायचा, पुन्हा वीतभर वर धरायचा. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूला टेकली. मग वाटीत रंजक, म्हणजे ती चिमूटभर दारू, झाकण बंद, घोडा वर, श्वास रोखून नेम, आणि शिट्टी. शिट्टी नेहमी याच क्षणी वाजते.

एकदा नवा पर्यवेक्षक होता. पोरगेला, गंभीर चेहऱ्याचा.

"बोल्ट उघडा."

"बोल्ट नाही."

"मग मॅगझीन काढा."

"तेही नाही."

"मग आतून रिकामी आहे हे दाखवणार कसं?"

"उडवून."

त्याने भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे पाहिलं. वास्तविक वाटीतली दारू झटकून टाकली आणि पट्टी उघडी ठेवली की काम भागतं. ठासणीवाल्यांच्या क्लबात हेच चालतं. मी ते सांगितलं. त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी येऊन बंदुकीचा फोटो काढला आणि नातवाला पाठवला. एव्हाना कागद बदलून सगळे परत आले होते आणि माझ्याभोवती उभं राहून बोल्ट कुठे बसवता येईल यावर चर्चा करत होते. उजवीकडच्या गृहस्थांनी टेबल बदलून मागितलं. बगलेतल्या भोकातून निघणारी ज्वाळा उजवीकडेच जाते, आणि त्यांचा शर्ट नवा होता. त्यांचं म्हणणं रास्त आहे. ते या तक्रारीत धरू नये.

गंमत म्हणजे इथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी माझी बंदूक ही बंदूकच नाही. १९६८ च्या कायद्याने जुन्या धाटणीची ठासणीची शस्त्रं, मग ती गेल्या महिन्यात का बनवलेली असेनात, व्याख्येतूनच वगळून टाकली आहेत. लोक अभिनंदन करतात. पाच फूट लांब, साडेतीन किलो वजनाची, एका बारात अख्खं मैदान धुराने भरून टाकणारी वस्तू, आणि सरकार तिची दखल घ्यायला तयार नाही. यात अभिनंदन करण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

दारूच्या बाबतीत मात्र सरकार एकदम जागं होतं. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० या हिशेबाची काळी दारू स्फोटकांत मोडते, साठवणीचे नियम कडक, म्हणून बहुतेक दुकानदार ती ठेवतच नाहीत. "ती नाही, पण तिच्यासारखीच दुसरी आहे," असं म्हणतात. या दुसरीला पेटायला जास्त उष्णता लागते. गारगोटीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. हे मी आमच्या दुकानदाराला दर वेळी सांगतो. तोही दर वेळी नवी माहिती कळल्यासारखी मान डोलावतो आणि तोच डबा काउंटरवर ठेवतो. २०२१ मध्ये तर अमेरिकेत काळी दारू बनवणारा लुइझियानातला कारखाना बंद होणार असं जाहीर झालं. पुढच्या वर्षी नवा मालक मिळून तो वाचला, पण मधल्या काळात ऑफिसातल्या एका मित्राने सांत्वनाचा संदेश पाठवला: "चला, आता तरी नवी घेशील."

दारू घरपोच मागवायची तर धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो. विमानात नेता येत नाही, सामानातही नाही. त्यामुळे इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावी, जिथे १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-संघटनेचं मैदान आहे, तिथे जायचं म्हणजे नऊ-दहा तास गाडी हाकायची. पत्नी दर वेळी विमानाची तिकिटं शोधून दाखवते. स्वस्त असतात, हेही दाखवते.

आता चिंधी. ही चिंधी म्हणजे गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड; आपल्याकडे कापूस पिंजून ज्यात भरत तेच. गोळी नळीपेक्षा कणभर लहान असते आणि मधली फट ही चिंधी भरून काढते, म्हणून कापडाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. मी कापडाच्या दुकानात खिशातून कॅलिपर काढतो आणि ताग्याचा कोपरा चिमटीत धरून मोजतो. इथे कापड कापून देणाऱ्या बाईंनी 'काय शिवताय?' असं विचारायची पद्धत आहे. मी म्हणतो, "उशी." त्या म्हणतात, "एवढ्याशा तुकड्यात?" मग त्या पलीकडच्या मांडणीवरचं दुसरं कापड आणून दाखवतात. पॉलिएस्टर मिसळलेलं, न आटणारं, न चुरगळणारं, शिवाय चाळीस टक्के सवलतीत. ते नळीत वितळतं. पण उशी कशी वितळेल, हे त्यांना समजावून सांगणं मला जमणार नाही.

चिंधीला ओशटपणा हवा. जुने लोक मेंढीची चरबी आणि मेण वापरायचे, मीही ते मिश्रण कढवून डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. डबी हुंगून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, बंदुकीची चरबी. त्यांच्या चेहऱ्यावर १८५७ चा अख्खा धडा उतरला. "गाईची की डुकराची?" मी म्हटलं, मेंढीची. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण श्रीखंडाशेजारी नको. आणि हल्ली चांगलं तूप मिळतं की बाजारात."

तळघरातल्या कारखान्याबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण बोललं की लोक बघायला येतात. लाकडात नळी आणि चापाची कळ चपखल बसवायची तर धातूला रंग लावून लाकडात दाबतात, जिथे रंग उठतो तेवढंच छिलतात, पुन्हा दाबतात. पूर्वी यासाठी दिव्याची काजळी वापरत. हल्ली बरेच जण लिपस्टिक वापरतात. ती नीट उठते आणि हात कमी बरबटतात. घरातली वापरायला सक्त मनाई झाल्यावर मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने फार आपुलकीने विचारलं, कोणासाठी हवी, वर्ण कसा आहे? मी म्हटलं, पिवळसर, मेपलवर उठून दिसेल अशी द्या. तिने लाल दिली आणि बायकोला आवडली नाही तर तीस दिवसांत परत आणा म्हणाली.

असं महिनोन्‌महिने छिलत बसल्यावर आमच्या मराठी मंडळातले एक इंजिनिअर जिना उतरून येतात, कमरेवर हात ठेवून पाहतात आणि विचारतात, "सीएनसीवर का नाही करून घेत?" दुःखाची गोष्ट अशी की तसे दस्ते मिळतात. संगणकाने कोरलेले, केसभरही फट नसलेले, आठवडाभरात जुळवून मोकळं होता येईल असे. मी एका प्रदर्शनात असा दस्ता हातात घेऊन पाहिला आहे. त्यात खोट काढायला मला बराच वेळ लागला आणि जी काढली ती मलाही पटली नाही.

मग नळी गंजवायची असते. चकाकत्या पोलादावर द्रावण चोळायचं, बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ कोंडायची आणि नळी आत टांगून दार लावून घ्यायचं. सुटा गंज ब्रशने झाडायचा, पुन्हा चोळायचं, पुन्हा टांगायचं. आठवड्याभरात नळीला मधासारखा तांबूस रंग चढतो. मग खाण्याच्या सोड्याने गंज मारायचा, तेल लावायचं आणि उरलेलं आयुष्य त्याच नळीला गंज चढू नये म्हणून खपायचं. पाहुणे ही नळी पाहिल्यावर हळू आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगतात, "गंज चढलाय हो." एकाने दुसऱ्या दिवशी गंज काढायचा फवारा आणून दिला. पावती डब्यालाच चिकटवलेली होती.

आणि धुणं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत नळी खाते, त्यामुळे रेंजवरून आलं की जेवणाआधी धुवायची. धुताना सडक्या अंड्यांचा वास येतो. आमच्या शाकाहारी घरात हा वास शनिवारी संध्याकाळी असतो आणि शेजारी तो मोठ्या मनाने आमच्या स्वयंपाकाच्या खाती जमा करतात. धुण्याबाबत ठासणीवाल्यांत संगीतातल्यासारखी घराणी आहेत. उकळत्या पाण्याचं एक, साध्या पाण्याचं एक, पाणी आणि तेलाच्या दुधाळ मिश्रणाचं एक. एका घराण्याचा माणूस दुसऱ्याच्या नळीत वाकून पाहत नाही. पाहिलंच तर नुसता 'हं' म्हणतो.

ज्यांना हे सगळं नको त्यांच्यासाठी सोय झालेली आहे. १९८५ मध्ये मिझुरीतल्या टोनी नाइट यांनी इनलाइन म्हणून एक ठासणीची रायफल काढली. गारगोटीऐवजी दारूच्या मागे सरळ रेषेत ठिणगी देणारी टोपी, म्हणजे केप, त्यामुळे पटकन पेटते. मग तिच्यावर दुर्बीण आली, गोळीला प्लास्टिकची झबली आली, दारूच्या तयार वड्या आल्या. २०२० पासून तर एका प्रकारात दारू प्लास्टिकच्या नळकांड्यातून मागून सरकवता येते. तोंडातून फक्त गोळी घालायची. आता तेवढं कशाला शिल्लक ठेवलं आहे, असा प्रश्न कोणी विचारत नाही. उलट हेच लोक माझ्याकडे पाहून 'हे सगळं कशाला?' असं विचारतात. पेनसिल्व्हेनिया सरकारने मात्र एक काम चांगलं केलं आहे. १९७४ पासून इथे नाताळानंतरचा हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीवाल्यांसाठी, म्हणजे गारगोटीच्या बंदुकीवाल्यांसाठी, राखून ठेवलेला आहे. कडाक्याची थंडी, ओली हवा, हरणं आधीच्या हंगामांनी सावध झालेली. मी शिकार करत नाही, कागदावर नेम धरतो. पण कोणीतरी गैरसोयीला कायद्याचं संरक्षण दिलं आहे, एवढं मला पुरतं.

जुन्या लढायांचे वेश घालून उभे राहणारे लोक ही एक निराळीच जात. त्यांच्या मेळाव्यात ब्रिटिश शिपायाच्या लाल कोटातल्या एकाने माझा चष्मा त्या काळातला नाही असं दाखवून दिलं. मग बटणं. मग एकंदर मीच त्या काळातला नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तो सभ्य होता. मी त्याला सांगितलं की ज्या लाल कोटवाल्यांचं तो सोंग घेऊन उभा आहे त्यांच्या दारूतला सोरा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी बिहारातून जात असे, आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर लवकरच महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून चकमकी बंदुकांच्या पलटणी उभ्या करायला घेतल्या होत्या. तेव्हा बटणांचं सोडा, कोटाचं बघा. त्याने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली बंदूक माझ्या हातात दिली. भारतीय बनावटीची होती. अशा स्वस्त नकला इथे पुष्कळ येतात. "बघा हो, जड आहे," तो म्हणाला, "तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर सांगा ना त्यांना." तेव्हापासून मेळाव्यात लोक भारतीय बंदुकांच्या तक्रारी माझ्याकडे आणून देतात. मी त्या लिहून घेतो. नाही म्हणवत नाही.

एकच माणूस आहे ज्याने मला कधी नवी बंदूक घे म्हटलं नाही. सिंधुदुर्गातले काका. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची, केपाची. माकडं आणि रानडुकरं आली की बार काढायचा. छंद वगैरे शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नाही. माझ्या बंदुकीची किंमत ऐकून त्यांनी फोन काकूंकडे दिला होता. त्यांची गाऱ्हाणी माझ्यापेक्षा भारी असतात. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि काकांच्या मते आचारसंहिता लागल्याचं माकडांना तहसीलदाराच्या आधी कळतं. काजूच्या ऐन हंगामात बंदूक ठाण्यात, काका पत्र्याचा डबा बडवतायत. अशा माणसापुढे मी गंजाचं रडगाणं गाईन कसा? पण एकदा गायलो.

"खोबरेल लाव," ते म्हणाले. "आमची चाळीस वर्सां खोबरेलावर आसा."

मी लावलं, कारण काकांना खोटं सांगता येत नाही. ते व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावतात. नळीला, गजाला, चापाच्या कळीतही. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली गोठतं, हा विषय मालवणच्या बाजूला कधी निघालेला नाही. जानेवारीत तळघरातून बंदूक काढली तर घोडा वर जाईना आणि गज दस्त्याखालच्या खोबणीतून सुटेना. सगळ्यावर पांढरी साय धरलेली. काकांना फोन केला.

"मग वतात ठेव रे."

बाहेर उणे आठ होतं. दिवाणखान्याच्या खिडकीत दुपारी तासभर तिरपं ऊन येतं, तिथे खुर्चीवर उशी ठेवून तिच्यावर बंदूक टेकवली, घोड्याची बाजू उन्हाकडे. वीस मिनिटांत पलीकडच्या घरातल्या शेजाऱ्याचा फोन आला. सगळं ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. मी ठीक आहे म्हटलं, खोबरेल तेलाचं सांगितलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग रस्ता ओलांडून आला. हातात हेअर ड्रायर आणि एक लांब वायर होती.